पाढे, युक्त्या की आठवणींच्या गप्पा: लहान मुलासाठीचा अर्धा तास कशाला द्यावा?

दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून झाले की ताटे मांडेपर्यंत जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत आईवडिलांच्या वाट्याला लेकरासाठी जेमतेम अर्धा तास उरतो. तीन ते सात वर्षांच्या मुलाची स्मरणशक्ती वाढावी म्हणून तो कसा वापरावा, असे विचारले की तीन उत्तरे हमखास मिळतात: पाढे-कविता पाठ करून घ्या, लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवा किंवा दिवसभरात जे घडले त्याच्या गप्पा मारा. मोबाइलवरच्या ‘मेमरी गेम’चा विचार येथे केलेला नाही, कारण त्यात आईवडिलांचा सहभाग नसतोच.

तुलनेपूर्वी एक प्रसंग सांगतो. माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून हळद, गूळ, आगपेटी, शेंगदाणे आणि खोबरे आणायला सांगितले होते. “किती लक्षात राहतील?” असे विचारताच “सगळंच!” म्हणून तो धावत सुटला आणि गूळ, आगपेटी व एक चॉकलेट घेऊन परतला. चॉकलेट मात्र कोणी न सांगताही लक्षात राहिले होते. यात मुलाची स्मृती कच्ची होती असे नाही. आपल्याला किती पेलवेल याचा अंदाज कच्चा होता. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये नेमके हेच तपासले. दहापैकी किती चित्रांची नावे सांगता येतील असे विचारल्यावर बालवाडीच्या वयाच्या पुष्कळ मुलांनी दहाच्या दहा असे उत्तर दिले. प्रत्यक्षात त्यांना फार थोडी सांगता आली. स्वतःच्या जाणण्यावर आणि आठवण्यावर नजर ठेवण्याच्या या क्षमतेला मेटाकॉग्निशन म्हणतात. म्हणून वरच्या तीन मार्गांकडे पाहताना मुलाला किती पाठ झाले एवढेच मोजून भागणार नाही. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे त्याला कळू लागले का, हेही पाहावे लागेल.

पाठांतराची बाजू आधी घेऊ. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकीपर्यंत पाढे घोकलेली पिढी अजून घराघरांत आहे, आणि कापसाचा किंवा केळीचा हिशेब ती तोंडी करते तेव्हा पाठांतराला नावे ठेवण्याची हिंमत होत नाही. पाढा जिभेवर बसला की पुढच्या गणितात डोके मोकळे राहते, हा त्याचा खरा लाभ. मात्र नुसते एकसुरात म्हणवून घेतल्याने मुलाला स्वतःच्या चुकीची चाहूल लागत नाही, कारण चूक पकडण्याचे काम आईच करत असते. म्हणायला लागण्याआधी “सातच्या पाढ्यात तू कुठे अडखळशील?” एवढे विचारले, तर तोच पाढा वेगळे काम करू लागतो.

युक्त्यांच्या बाबतीत वय आडवे येते. 1966 च्या एका प्रयोगात, लक्षात ठेवायच्या गोष्टी मुले मनाशी पुटपुटतात का, हे ओठांच्या हालचालींवरून पाहिले गेले. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी फक्त दोघे पुटपुटत होते, तर दहा वर्षांच्या वीसांपैकी सतरा जण. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात पहिलीच्या वयाच्या मुलांना पुटपुटायला शिकवले, तेव्हा त्यांना अधिक आठवू लागले. पण मोकळे सोडताच त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ती युक्ती टाकून दिली. अर्थात शिकवणे व्यर्थ नसते: जर्मन आणि अमेरिकी मुलांची तुलना करणाऱ्या 1989 च्या अभ्यासात, घरी अशा युक्त्या अधिक शिकवणाऱ्या जर्मन पालकांची मुले त्या अधिक वापरताना दिसली. पण ती मुले दुसरीच्या वयाची होती.

गप्पांचा मार्ग दिसायला सर्वांत सोपा आहे आणि फसायलाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा पाहून एसटीने परतताना एक आई विचारते, “काय पाहिलं?” “घोडा.” “आणखी? अरे, आणखी काय, सांग ना!” ही गप्पा नव्हे, तोंडी परीक्षा झाली. दुसरी म्हणते, “तो घुंगरू बांधलेला पांढरा घोडा आठवतो? नाचताना त्यानं काय केलं?” “पाय वर केले!” “हो, आणि तू पप्पांच्या मागं लपलास. का बरं लपलास?” ही आई प्रत्येक प्रश्नासोबत एक नवा तपशील पुरवते, मुलाचे उत्तर उचलून पुढे नेते आणि त्याला स्वतःच्या मनात डोकवायला लावते. एलेन रीस, कॅथरीन हेडन आणि रॉबिन फिवुश यांच्या 1993 च्या अभ्यासात, मूल साडेतीन वर्षांचे होण्याच्या सुमारास ज्या आया अशा तपशीलवार गप्पा मारत होत्या, त्यांच्या मुलांना पुढे पाच-सहा वर्षांच्या वयात घडलेले अधिक सांगता येत होते. हे केवळ हुशार आयांचे फळ असेल, अशी शंका रास्त आहे. पण कॅनडात कमी उत्पन्नाच्या घरांतील काही आयांना मुद्दाम अशा गप्पा मारायला शिकवल्यावर वर्षभराने त्यांच्या मुलांचे कथन सुधारल्याचे 1999 मध्ये नोंदले गेले.

या मार्गाला पुस्तक लागत नाही, शिकलेले आईवडील लागत नाहीत आणि प्रमाण मराठीही लागत नाही. अहिराणीत “मंग काय व्हयनं?” म्हणून नातवाकडून पुढचे काढून घेणारी आजी हेच काम करत असते, तिला “मराठीत बोला” म्हणून गप्प करणारे आईबाप आपल्याच मुलाचे नुकसान करतात, असे माझे मत आहे.

म्हणून मूल सहाच्या आतले असेल तर अर्ध्या तासातली वीस मिनिटे मी गप्पांना देईन, उरलेली दहा पाढ्यांना किंवा कवितेला, आणि तीही “कुठे अडखळशील?” या प्रश्नासह. युक्त्या दुसरीच्या सुमारास हाती घ्याव्यात, आणि तेव्हाही युक्ती वापरल्यामुळे काय बदलले हे मुलाच्या तोंडून वदवून घ्यावे.

भाचा आता सहा वर्षांचा आहे. परवा त्याच दुकानातून पाच जिनसा आणायला सांगितल्या, तर तो उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, “मामा, तीनच सांग. दोन मी परत येऊन नेतो.”