डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी घरी येणारी वर्तन-समुपदेशन सेवा: सात महिन्यांचा अनुभव

माझा धाकटा भाऊ बापू ४९ वर्षांचा असून त्याला डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक वाढीवर परिणाम करणारी जन्मजात जनुकीय अवस्था, आहे. आई गेल्यावर तो आमच्याकडे पुण्यात राहायला आला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी सातच्या ठोक्याला स्वतःची आंघोळ स्वतः उरकली, तो वर्षभरात बाथरूमच्या दाराशी नेले की ओरडू लागला, हात धरणाऱ्याला चावू लागला, रात्री दोन वाजता उठून कपाटातले कपडे जमिनीवर काढू लागला. नातेवाइकांच्या मते हा निव्वळ हट्टीपणा होता. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत शांत राहण्याची गोळी लिहून दिली. तिने चावणे थांबले, पण बापू दिवसभर पेंगत राहिला आणि दोनदा पडला. त्यानंतर आम्ही ही सेवा घेतली: पंधरा दिवसांनी समुपदेशक आणि रोज सहा तास मदतनीस. पुढे तक्रारही करायची आहे, म्हणून संस्थेचे नाव देत नाही.

पहिल्या भेटीत समुपदेशक बाई आमच्याआधी बापूशी बोलल्या. “बापूदादा, तुमची खोली दाखवता का?” असे विचारून त्या उत्तरासाठी थांबल्या. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि तो वेळ आम्हीच मधे बोलून खातो, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी प्रथम जाणवले. वागणे बदलले की आधी शरीर तपासायचे, हा त्यांचा नियम आहे. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असल्याने मळ साचतो, थायरॉइड मंदावणे आणि झोपेत श्वास अडकणे सर्रास आढळते, मोतीबिंदूही लवकर होतो, आणि दुखते कुठे हे सांगता न येणारा माणूस ते हातापायांनी सांगतो. बापूच्या डाव्या कानातून मळाचा हरभऱ्याएवढा खडा निघाला. थायरॉइडची गोळीही सुरू झाली.

आंघोळीचे कोडे मात्र त्यांनी ठेवायला लावलेल्या नोंदवहीमुळे सुटले. तिच्यात तीनच रकाने होते: आधी काय घडले, बापूने काय केले, त्यावर आम्ही काय केले. दोन आठवड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली, की सगळे प्रसंग नव्याने बांधलेल्या बाथरूममधले होते आणि मागच्या जुन्या मोरीत तो मुकाट्याने हातपाय धूत होता. पुढच्या भेटीत बाई दाराशी नुसत्या उभ्या राहून पाहत होत्या. बापूने चौकट घट्ट धरली, उजव्या पायाचा अंगठा पुढे करून काळ्या ग्रॅनाइटचा उंबरठा चाचपला आणि पाय झटकन मागे घेतला. ती काळी पट्टी त्याला खड्ड्यासारखी दिसत असावी, असे त्या म्हणाल्या. आम्ही तिच्यावर फिक्या रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवली, शॉवर बंद करून बादली ठेवली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. चौथ्या दिवशी तो आपणहून आत गेला. (त्या ग्रॅनाइटला किती पैसे मोजले होते ते आठवत न बसणे बरे.) आजही आठवड्यातला एखादा दिवस बिघडतो, तेव्हा ओल्या पंच्याने अंग पुसून आम्ही विषय सोडून देतो.

स्मृतिभ्रंशाविषयीही या सेवेने आम्हाला अंधारात ठेवले नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी संबंधित अमायलॉइड प्रथिनाचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते आणि डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र सहसा तीन प्रतींत असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत त्या प्रथिनाचे थर दिसतात, लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतात, आणि पुष्कळदा विसरण्याआधी स्वभाव बदलतो. ज्याला तारीख कधीच सांगता येत नव्हती त्याला आजची तारीख विचारून काहीच कळत नाही. तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या क्षमतेशी करावी लागते, आणि म्हणून चाळिशीपासून दरवर्षी नोंद ठेवावी लागते. आमच्याकडे पुरावा म्हणून निघाला तो एका लग्नाचा व्हिडिओ, ज्यात बापू पंगतीत वाढत होता. मेंदूविकारतज्ज्ञांचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो एकटाच आईशी बोलत बसतो, याची मात्र मला आता धास्ती वाटत नाही. स्वतःशी बोलणे ही त्याची जुनीच सवय आहे, ती वेडाची खूण नव्हे, हे बाईंनी नीट समजावले.

आता तक्रार. सात महिन्यांत पाच मदतनीस बदलले. ज्या माणसाला सगळे ठरल्या क्रमाने लागते, त्याच्याकडे दर सहा आठवड्यांनी नवा चेहरा पाठवणारी संस्था आपल्याच समुपदेशकाचे काम उधळते. करारात ‘प्रशिक्षित’ असे छापलेले आहे; प्रत्यक्षात दुसऱ्या मदतनिसाने त्याला ‘बाळा’ म्हणत हातातला चमचा काढून घेतला आणि भरवायला सुरुवात केली, त्याचा परिणाम ताटासकट जमिनीवर दिसला. शिवाय कार्यालयाचा फोन सहानंतर कोणी उचलत नाही, आणि बापूची चलबिचल सुरू होते ती दिवेलागणीलाच. समुपदेशनाच्या प्रत्येक भेटीचे १,५०० रुपये मला जड वाटत नाहीत. मदतनिसाचे महिना १८,००० रुपये वाटतात.

गेल्या महिन्यापासून समुपदेशन तेवढे चालू ठेवून मदतनीस आम्ही आमचा नेमला आहे. आमच्या इमारतीत पूर्वी वॉचमन असलेले हे गृहस्थ बापूला ‘अहो बापू’ म्हणतात. बाईंनी त्यांना पहिला धडा दिला तो बाथरूमच्या दाराशी उभे करूनच, आणि बापूने स्वतः पाय ठेवून ती पट्टी त्यांना दाखवली.