फवारणीची विषबाधा झाली तेव्हाचा हॉस्पिटलचा अनुभव, सोलापूर

डाळिंबाला औषध मारताना दादाला विषबाधा झाली, तोंडातून लाळ, बुबुळं टाचणीएवढी, श्वास लागलेला, सोलापुरात आणलं तर पाच मिनिटांत ॲट्रोपीन (या विषावरचा उतारा) चालू केलं ओ या हॉस्पिटलवाल्यांनी! आयसीयूचं बिल जड गेलं, पण स्टाफ रात्रभर जागा होता. डॉक्टरांनी नीट समजावलं की हे ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे सरीन या युद्धातल्या विषारी गॅसच्याच जातीचं, नसांचं एन्झाइम बंद पाडतं. २०२० मध्ये अमेरिकन आर्मीच्या शास्त्रज्ञांनी निरुपद्रवी व्हायरसमधून जीन उंदरांच्या लिव्हरमध्ये सोडलं, मग लिव्हरच विष तोडणारं एन्झाइम बनवायला लागलं, आणि सहा आठवड्यांत सरीनसारख्या विषाचे ९ जीवघेणे डोस पचवून उंदीर जगले. आमच्या फवारणीवाल्यांना असलं कायतरी लवकर मिळायला पाहिजे राव. पार्किंग नाही, रिक्षानं जावा.