भिंग लावून वाचायचा ऑक्सफर्ड

दोन वर्षांपूर्वी जुन्या खटल्याच्या कागदांचं भाषांतर करताना मी ‘नाइस पॉइंट’चा ‘छान मुद्दा’ करून ठेवला. वकीलसाहेब फोनवर खो खो हसले. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. मुद्दा छान नव्हता, बारीक होता.

त्याच आठवड्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची 1971 सालची कॉम्पॅक्ट आवृत्ती 2,800 रुपयांना उचलली. 1884 ते 1928 एवढा काळ भागाभागाने निघत राहिलेला तो मोठा कोश आणि 1933 ची पुरवणी, सगळं फोटो काढून बारीक केलेलं. मूळची चार पानं एका पानावर. दोन जाडजूड निळे खंड, त्यांची पेटी आणि वरच्या बाजूला भिंगासाठी चिमुकला खण.

घरी येताच ‘नाइस’ काढला. पहिलाच अर्थ मूर्ख! साधारण 1300 च्या सुमाराचा. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे न जाणणारा; आपला ‘अज्ञ’ अगदी तसाच घडलाय. पुढे तोच शब्द छचोर माणसाला लागला, मग लाजऱ्याला, नाजूक प्रकृतीच्याला, मग चोखंदळाला. चोखंदळ माणूस बारीकसारीक फरक काढत बसतो, तिथून ‘सूक्ष्म’. इथे माझे वकील भेटले. आपण येता-जाता म्हणतो तो ‘छान’ थेट अठराव्या शतकात उगवतो. प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे आहेत, त्यामुळे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, स्वतः बघता येतं.

हरणाचा ‘डिअर’ तर मी जेवण सोडून वाचला. पूर्वी कुठलंही जनावर ‘डिअर’च, ‘किंग लिअर’मध्ये उंदीर-घुशीसुद्धा ‘स्मॉल डिअर’ आहेत. आणि आपला मृग? मृगराज म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड, मृगया म्हणजे कुठलीही शिकार. दोन्हीकडे शेवटी हरीणच उरलं, याची मला अजून गंमत वाटते.

आता तक्रारी. जुना अर्थ आधी, चालू अर्थ नंतर, त्यामुळे घाईच्या कामाला हा कोश कुचकामी. नवे शब्द शोधू नका: यातला ‘कॉम्प्युटर’ म्हणजे वेधशाळेत वगैरे आकडेमोड करणारा माणूस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असूनही मला टेबललॅम्प लागतोच. आणि मांडीवर घेऊन वाचायचा विचारही करू नका, पाय बधिर होतात.

तरी पाचपैकी साडेचार. अर्धा भिंगासाठी कापला. जुनी प्रत घेणार असाल तर खण उघडून बघा, मगच पैसे काढा. माझ्या खणात बसचं तिकीट निघालं.