आठ महिने, दोन अँटेना आणि हातभर अंतर

हवेतून येणारे डिजिटल टीव्ही चॅनल घरी पकडायला अँटेना घ्यायचा ठरवलं, आणि पहिली खरेदी चुकली. खोक्यावर 'एचडी अँटेना' असं ठळक छापलं होतं आणि मी भुललो. अँटेनाला एचडी-बिचडी काही कळत नाही, तो फक्त लहरी पकडतो. असो. तो कागदासारखा चपटा अँटेना खिडकीच्या काचेवर चिकटवला. चॅनल लागले, पण कुणी खिडकीसमोरून गेलं की चित्राचे चौकोन व्हायचे आणि आवाज तुटायचा.

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही सामना बघता यायचा. डिजिटलमध्ये ती सोय नाही. चित्र लख्ख असतं, आणि सिग्नल जरासा घसरला की एकदम थिजतं. त्यामुळे आपण अगदी काठावर आहोत हे चित्राकडे बघून कळतच नाही.

मग बूस्टर आणला. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद ५० वरून ९० वर गेली, मी खूश, आणि होते त्यातले दोन चॅनल गायब! त्याच मेनूत 'क्वालिटी' नावाचा, सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारा दुसरा आकडा असतो, तो उलट खाली आला होता. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही (सिग्नलमधली नको असलेली खरखर) वाढवतो, वर स्वतःचा थोडा मिसळतो. जवळचं एखादं जोरदार प्रक्षेपण असेल तर तो गुदमरतोच. तेव्हापासून मी ताकदीचा आकडा बघणं सोडून दिलं.

पाचेक महिन्यांपूर्वी छपरावर यागी बसवला. माशाच्या काट्यासारखा दिसणारा हा अँटेना १९२६ च्या सुमाराचा जपानी शोध, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या कितीतरी आधीचा. एका दिशेला रोखलेला असल्याने बाजूचं आणि मागचं तो बरंचसं टाळतो. प्रक्षेपणाच्या लहरी आडव्या डोलतात की उभ्या ते पाहून त्याच्या दांड्या तशाच ठेवाव्या लागतात. पहिल्या दिवशी माझ्या दांड्या चुकीच्या होत्या. अर्धा दिवस त्यातच गेला.

खरी गंमत जागेची. टाकीशेजारच्या खांबावर क्वालिटी ४० च्या वर जाईना. खांब हातभर बाजूला सरकवला आणि आकडा ७५ झाला. ५०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या टीव्ही लहरीची लांबी ६० सेंटिमीटर, म्हणून हातभर सरकल्यानेही फरक पडतो. थेट आलेली लहर आणि टाकीच्या पत्र्यावरून उसळून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारतात, काही ठिकाणी साथ देतात. म्हणून खांब आवळून टाकण्याआधी अँटेना हातात धरून चारही बाजूंना फिरवून बघा, आणि वर-खालीही. उंच जागा नेहमीच चांगली असंही नाही.

केबल ७५ ओहमची आरजी-६, म्हणजे टीव्हीसाठीची नेहमीची जाड गोल केबल, घेतली. २० मीटरमध्ये साधारण ३ डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद वाटेतच जाते. बूस्टर लावायचाच तर तो वर अँटेनापाशी, टीव्हीमागे नाही. माझा आता खोक्यात पडून आहे. पावसात एकदा जोडात पाणी शिरलं. आता जोडाला रबरी टेप आहे आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घेतली आहे, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

तक्रार एकच. एक चॅनल व्हीएचएफवर, म्हणजे कमी वारंवारतेच्या पट्ट्यात, येतो, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथली लहर दीड मीटरची. माझ्या यागीच्या दांड्या यूएचएफच्या, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या, त्या मानाने आखूड. तो चॅनल कधी लागतो, बहुतेकदा नाही. त्या एकासाठी दुसरा अँटेना चढवावा का, यावर घरात अजून एकमत नाही.