खारीक घरी आली त्याला १४ महिने झाले: क्रेस्टेड गेको पाळण्याचा अनुभव

आमच्या घरात पाल अंगावर पडली की आधी आंघोळ होते आणि मग पंचांगातलं पल्लीपतन उघडलं जातं. अशा घरात मी गेल्या वर्षी जुलैमध्ये मुद्दाम पाल आणली. आज रोज रात्री साडेनऊला सासूबाईच विचारतात, "उठली का गं खारीक?"

ही क्रेस्टेड गेको, मूळची पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखे काटे, आणि तीच झालर मानेवरून पाठीकडे उतरते. १८६६ मध्ये हिची शास्त्रीय नोंद झाली, नंतर ती नामशेष झाली असं मानलं गेलं, आणि १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. मला ही गोष्ट फार आवडते. आमची खारीक पाळीव जोडीच्या अंड्यातून निघालेली. ती कधी निघाली ती तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि पावती मी जपून ठेवली आहे. रानातून उचललेला कुठलाही जीव, मग तो परदेशी असो की आपल्या डोंगरातला, कुणी देऊ केला तरी घेऊ नका.

दिवसा तिला पाहायला येणाऱ्यांची निराशा होते. मनीप्लांटच्या पानाला चिकटलेली, खारकेच्याच रंगाची, निपचित. रात्री दिवे मंद केले की रंग गडद होत विटकरी होतो. पापण्या नसल्यामुळे ती जिभेनं स्वतःचे डोळे पुसते, एक झाला की दुसरा, सावकाश. मग तिच्या पेटीच्या काचेवर चढते. बाहेरून पाहिलं तर बोटांखालच्या बारीक पट्ट्या स्पष्ट दिसतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात आणि त्यांच्या काचेशी होणाऱ्या आकर्षणावर ती तोलली जाते, डिंक वगैरे काही नाही. माझी सातवीतली मुलगी विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळ त्या काचेपुढे बसते, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. कात टाकायच्या दिवशी खारीक पांढुरकी, धुरकट होते. सकाळपर्यंत कात नाहीशी, कारण ती खाऊन टाकते.

घरात ती टिकली ती खाण्यामुळे. जिवंत किडे घरात ठेवायला सासूबाईंनी कधीच होकार दिला नसता. हिच्यासाठी फळांची तयार पूड मिळते, पाण्यात कालवून साधारण केचपइतकी दाट करायची, एक दिवसाआड संध्याकाळी बुचात ठेवायची, सकाळी उचलायची. पुडीत प्रथिनं आणि कॅल्शियम असतं. ती शाकाहारी आहे असं मात्र समजू नका, रानात ती किडेही खाते. मे महिन्यात आमरसाला साखर घालण्याआधी सासूबाई चमचाभर गर बाजूला काढायच्या. आठवड्यातून एकदाच, तेही बोटभर. बुचाकडे येणारी ती इवलीशी गुलाबी जीभ बघायला सगळं घर जमायचं.

आता उन्हाळा. हे नीट वाचा, कारण पुण्यात खरी परीक्षा इथेच आहे. हिला २२ ते २६ अंश मानवतात, २८ च्या वर तापमान टिकून राहिलं की जिवाला धोका. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. आमची कोथरूडची खोली पश्चिमेची, भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या. म्हणून पेटी (४५ बाय ४५, उंची ६० सेंटीमीटर, वर जाळीचं झाकण) उत्तरेच्या बोळात हलवली आणि खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज गेली. दुपारी दोनला पेटीत ३०.५! खारीक तळाशी येऊन तोंड उघडं टाकून बसलेली. गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या पंचात गुंडाळून जाळीवर ठेवली, वाळा पुन्हा भिजवला. तासाभरात काटा २७ वर आला. तेव्हापासून मार्च ते जून फ्रीजरमध्ये तीन बाटल्या कायम. थर्मामीटर आणि आर्द्रता मोजणारं यंत्र घेतल्याशिवाय हा प्राणी घेऊच नका.

पावसाळा मात्र तिचाच. एरवी सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारून आर्द्रता ६० ते ८० टक्क्यांवर न्यावी लागते. जुलैत एका फवाऱ्यावर भागतं. हिवाळ्यात खोलीत १८-१९ अंश होतं तेव्हा ती थोडी सुस्तावली, खाणं कमी झालं, एवढंच.

सगळ्यात कठीण रात्र लक्ष्मीपूजनाची. खाली फटाक्यांची माळ लागली आणि खारकेनं शेपूट टाकलं. तळाच्या काथ्यावर ते तुटलेलं शेपूट कितीतरी वेळ वळवळत होतं. मुलगी रडली, मीही रडले. घरातल्या पालीचं शेपूट पुन्हा येतं, क्रेस्टेड गेकोचं येत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जखम स्वच्छ ठेवा, हाताळू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर पुण्यात मोजकेच, म्हणून मी आधीच शोधून ठेवले होते. तीन आठवड्यांत जखम भरली. शेपटाच्या टोकालाही चिकटायची गादी असते, ती गेली, तरी उड्या तशाच आहेत. ह्या वर्षी दिवाळीत पेटी आतल्या खोलीत, जाड गोधडीआड असणार.

बाकी थोडक्यात. वास नाही. आवाज जवळपास नाही. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पेटी, झाडं, मापकं मिळून मला १४ हजार लागले, त्यानंतर खर्च किरकोळ. कुत्र्यासारखी माया हवी असेल तर ती इथे नाही. ती हातावर येते, एका हातावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मनगटाला गार पंजे टेकवून थांबते. मला तेवढं पुरतं.

नीट ठेवली तर ती १५ ते २० वर्षं जगते. मुलगी पुढे शिकायला बाहेर गेली तर काय, हा विषय परवा जेवताना निघाला. सासूबाईंनी ताटावरून मान वर न करता सांगून टाकलं, "जाऊ दे तिला. खारीक इथेच राहील."