मानसशास्त्र की समाजशास्त्र? पदवीला काय घ्यावं

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग तुम्हाला दोन्ही विषयांत भेटणार. दोन्ही वर्ग कसे चालतात हे पाहायचं असेल तर तेवढा एक धडा पुरे आहे.

मानसशास्त्राच्या तासाला आधी आकडे फळ्यावर येतात. येल विद्यापीठातला प्रयोग, सूचना देणारा सांगेल तसे दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायचे (ते खोटे असतात, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसतं), आणि ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. मग एकेक गोष्ट बदलून बघायची. सूचना देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला, तर शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचात एक उरले. समाजशास्त्राचे सर त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या आवृत्तीवर रेंगाळतात. ब्रिजपोर्ट या अमेरिकी शहरातल्या एका साध्या ऑफिसात, येलचं नाव न घेता तोच प्रकार केला, तेव्हा ४० पैकी १९ जण शेवटपर्यंत गेले. म्हणजे विद्यापीठाच्या नावाला काही वजन होतंच. पण ते काढून घेतल्यावरही एखाद्या अनोळखी संस्थेचा माणूस ‘चालू ठेवा’ म्हणतो आणि जवळजवळ निम्मे लोक ऐकतात, ते कशामुळे? इथून गाडी समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरकडे, अधिमान्य सत्तेकडे, म्हणजे लोक योग्य मानून जिचं ऐकतात त्या सत्तेकडे वळते. या दोन तासांपैकी तुमचं डोकं कुठे जास्त जागं राहील, याचा अंदाज घेऊन ठेवा.

करिअरचं थोडक्यात उरकतो. मानसशास्त्राची नुसती पदवी घेऊन कोणी समुपदेशक होत नाही. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण आणि कोणाच्या तरी देखरेखीखालचा सराव लागतो. पण वाट निदान आखलेली आहे, आणि तिच्यावरून जायचंच असेल तर इथेच वाचन थांबवून मानसशास्त्र घ्या. समाजशास्त्राला तशी सरळ वाट नाही. सर्वेक्षण, धोरण, पत्रकारिता, सामाजिक संस्था, कुठेही शिरता येतं आणि कुठेही ‘म्हणजे नक्की काय शिकलात?’ हे विचारलं जातं.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. प्रात्यक्षिकांत.

स्ट्रूपचा प्रयोग तुम्हाला माहीत असेलच: ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत छापलेला, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. माझा प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, शेजारच्या बाकावरचा मित्र. आदल्या तासाला त्यानेच माझ्यावर हा प्रयोग केलेला, त्यामुळे गृहीतक त्याला पाठ. तो यादी वाचत होता आणि मी स्टॉपवॉच धरून उभा. मध्येच तो अडखळायचा, ओठ हलायचे, मग रंग सांगायचा. संपल्यावर म्हणाला, ‘चुकलो तर तू वहीत लिहिणार, वही मॅडम बघणार, म्हणून प्रत्येक उत्तर आधी मनात म्हणून बघत होतो.’

वहीत हे लिहायला जागा आहे, नाही असं नाही. ‘अंतर्निरीक्षण अहवाल’ (प्रयोगात मनात काय चाललं होतं, हे प्रयोज्याच्या शब्दांत) नावाच्या मथळ्याखाली दोन ओळी. मी त्या भरल्या. पण निकालाच्या तक्त्यात गेले ते फक्त सेकंद, आणि निष्कर्ष साऱ्या वर्गाचा एकच: विसंगत यादीला, म्हणजे शब्द एका रंगाचा आणि शाई दुसऱ्या रंगाची असली की, जास्त वेळ लागतो. निष्कर्ष खराच आहे. १९३५ पासून लोक तो पडताळत आले आहेत. पुष्कळ माणसांची सरासरी काढली की एकेकाचं असं अडखळणं त्यात विरून जातं, हे पुस्तकाचं म्हणणंही मला पटतं. तरीही दर प्रात्यक्षिकात मला सेकंदांपेक्षा त्या दोन ओळींतच रस वाटायचा, आणि दर वेळी गुण मात्र तक्त्यालाच असायचे. पुढे पुढे वही उघडायचाच कंटाळा येऊ लागला.

समाजशास्त्रात मित्राचं ते वाक्य थेट अभ्यासाचा मुद्दा ठरतं. कोण बघतंय, कोण गुण देणार आहे, आणि त्याने माणूस कसा बदलतो? समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने आयुष्यभर अशाच गोष्टी बघितल्या.

अर्थात तिथेही डोकेदुखी आहे, आणि ती कमी नाही. वाचन डोंगराएवढं, भाषा बोजड. ‘चिकित्सक चर्चा करा’ या प्रश्नाला चार पानं लिहूनही आपण बरोबर आहोत की नाही ते कळत नाही. मानसशास्त्रात टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायचा आकडा) काढलं की निदान उत्तर ताळ्यावर आलं की नाही ते दिसतं. क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन माहिती गोळा करणं, ऐकायला रम्य वाटतं, पण तासाभराची मुलाखत उतरवून काढायला चार-पाच तास सहज जातात. नोंदींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा, हा सल्ला मिळेल तो ऐका. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या, कर्नाटकातल्या रामपुरा गावातल्या क्षेत्रकार्याच्या, नीट लावून काढलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही तिथेच होत्या. त्यांनी मग बरंचसं आठवणीतून लिहून पुस्तक केलं. ते सगळ्यांना जमणारं काम नव्हे.

एक श्रेय मानसशास्त्राला द्यायलाच हवं. आपलं घर झाडायला ते लाजत नाही. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले आणि त्यांतल्या सुमारे ३६ टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) निष्कर्ष पुन्हा मिळाला, हे उघडपणे छापलं. समाजशास्त्रातली झाडलोट वेगळी असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येच्या दरांची तुलना केली. पुढच्या पिढ्यांनी विचारलं की मृत्यूच्या कागदावर ‘आत्महत्या’ हा शब्द लिहितं कोण, आणि कोणत्या समाजात तो लिहायचं टाळलं जातं? मला दुसरी झाडलोट जास्त भावते. आकडा चूक की बरोबर हे तपासण्याआधी तो तयार कसा झाला, ते बघायची सवय लागते. ही माझी आवड झाली. तुम्हाला पहिलीच शिस्त जास्त प्रामाणिक वाटू शकते, आणि तसं वाटणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत.

निर्णय घेण्याआधी दोन्ही विभागांतल्या एखाद्या वरच्या वर्गातल्या मुलाची वही मागून चाळा. पहिल्या वर्षाचं पुस्तक नको, ते दोन्हीकडे गोडच असतं. मानसशास्त्राच्या वहीतले तक्ते बघून हात शिवशिवले तर माझं सगळं विसरा. अहवालाच्या त्या दोन ओळीच आधी वाचाव्याशा वाटल्या तर समाजशास्त्र घ्या, फक्त सोबत सांख्यिकीचा एखादा पेपर जरूर ठेवा. मी तो ऐच्छिक म्हणून घेतला होता, आणि सर्वेक्षणाच्या कामात रोज तोच उपयोगी पडतो.