विंडोज ११ अडलंय: अडथळा काढावा, फॉरमॅट मारावं की विंडोज १० वरच थांबावं?

विंडोज ११ चं सेटअप सुरू केलं, तपासणी झाली आणि पाटी आली: या पीसीवरचा एक ड्रायव्हर किंवा सर्व्हिस नव्या विंडोजसाठी तयार नाही. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, सर्व्हिस म्हणजे पाठीमागे गुपचूप चालणारं. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला आहे, सुरक्षेची टीपीएम २.० चिप आहे, सिक्युअर बूट चालू आहे, डिस्कवर जागा आहे, तरी अपग्रेड पुढे सरकत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून दादर-गिरगावचे छापखाने, सीएंची ऑफिसं, दवाखाने, सोसायट्यांची ऑफिसं अशा ठिकाणी ही पाटी सारखी बघायला मिळते. या मशीनवर वर्षानुवर्षं काही ना काही बसवलेलं असतं आणि काढलेलं फारसं काही नसतं.

पुढे तीन रस्ते आहेत. अडवणारं सॉफ्टवेअर काढून आहे त्याच विंडोजवरून अपग्रेड करायचं. सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकायचं. किंवा वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन विंडोज १० वरच काही काळ थांबायचं. बहुतेक लोक मशीनचं वय आणि खिसा बघून यातला एक निवडतात. माझा आग्रह असा की आधी अडवणाऱ्याचं नाव काढा. नाव कळलं की तीनपैकी एखादा रस्ता आपोआप बाद होतो.

नाव कसं काढायचं

कधी सेटअप स्वतःच नाव सांगतं. नाही सांगितलं तर सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा, शेवटी बीटी अशी अक्षरं असलेला एक लपलेला फोल्डर असतो. त्यात सोर्सेस आणि सोर्सेसमध्ये पँथर. तिथे कॉम्पॅटडेटा या नावाने सुरू होणारी, पुढे तारीख असलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'ब्लॉकमायग्रेशन' हा शब्द इंग्रजीत शोधा. ज्या ओळीत त्याच्यापुढे 'ट्रू' आहे, त्याच ओळीत ओईएम आणि एक आकडा अशा नावाची आयएनएफ फाइल दिसेल. आता विंडोज फोल्डरमधल्या आयएनएफ फोल्डरात त्याच नावाची फाइल उघडा. सुरुवातीच्या ओळींतच ड्रायव्हर कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि कितवी आवृत्ती हे लिहिलेलं असतं.

गिरगावातल्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात हेच केलं. आकडा निघाला, फाइल उघडली, तर आत एका जुन्या डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन्स सांभाळणाऱ्या यूएसबी किल्लीचा, ड्रायव्हर. ज्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरसाठी तो डोंगल घेतला होता ते वापरणं कधीच बंद झालं होतं, सगळं काम युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीवर, गेलं होतं, डोंगल खणात पडून होता. ड्रायव्हर मात्र रोज सकाळी मशीनबरोबर सुरू होत होता, आणि एवढ्यासाठी मालक नवीन पीसी घ्यायच्या तयारीत होते.

अडवणारा ड्रायव्हर नसून एखादा प्रोग्रॅम असेल तर त्याच पँथर फोल्डरात 'ह्यूमनरीडेबल' असा शब्द नावात असलेल्या एक्सएमएल फाइली असतात. त्यात 'ब्लॉकिंगॲप्लिकेशन' हा शब्द इंग्रजीत, सलग लिहून शोधा, जवळच त्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता सापडतो. एरर कोडही थोडं सांगतो. शेवट १९००२०८ असेल तर न जुळणारा प्रोग्रॅम, १९००१०१ असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं मोफत साधन हेच लॉग वाचून कारण सांगतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन सगळ्या सर्व्हिस बंद करून 'क्लीन बूट' करा, असा सल्ला सर्रास मिळतो. अपग्रेड अर्ध्यावर जाऊन मागे फिरत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण सुरुवातीच्या तपासणीतच अडत असेल तर सेटअप बसवलेल्या गोष्टींची यादी बघतं, त्या चालू आहेत की बंद याने तिला फरक पडत नाही. सर्व्हिस थांबवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात संध्याकाळ घालवू नका.

पहिला रस्ता: अडथळा काढून अपग्रेड

नाव निघालं आणि ती वस्तू तुम्ही वापरत नसाल, तर दुसरा कुठलाही विचार करू नका, हाच रस्ता. फाइली, प्रोग्रॅम, प्रिंटर, फाँट सगळं जागच्या जागी राहतं, विंडोज ११ चं लायसन्स फुकट मिळतं, आणि आवडलं नाही तर दहा दिवसांत सेटिंग्जमधून परत विंडोज १० वर जाता येतं. फक्त त्या काळात डिस्क साफ करताना विंडोज-ओल्ड फोल्डर उडवायचा नाही, परतीची वाट तिथेच असते.

काढण्याचं काम नीट करावं लागतं. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केलं तरी ड्रायव्हर मागे उरतो, हे डोंगल आणि अँटिव्हायरस या दोन्हींत नेहमीचं आहे. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते चालवा. सेंटिनल हॅस्प जातीच्या डोंगलसाठी त्यांच्याच इन्स्टॉलरला 'पर्ज' हा पर्याय देऊन चालवलं की जुन्या आवृत्त्यांसकट सगळं निघतं. बाकी ड्रायव्हर विंडोजच्या पीएनपीयुटिल कमांडने, मघाच्या ओईएम आकड्याचा वापर करून काढता येतात. आणि कृपा करून डिस्क कंट्रोलर, चिपसेट किंवा स्टोरेज असं काही नाव दिसलं तर हात लावू नका. ते काढलं तर मशीन सुरूच न होण्याचा धोका असतो. तिथे काढण्याऐवजी मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवी आवृत्ती टाकायची.

नवी आवृत्ती टाकून सुटणारे अडथळे बरेच आहेत. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स असलेली मशीन काही परिस्थितीत अडत होती, ६.१.२८ आवृत्तीने ते सुटलं. अकराव्या पिढीच्या काही इंटेल मशीनवर स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीचा १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ हा आवाजाचा ड्रायव्हर असेल तर अपग्रेड थांबवलं जायचं, ५७१४ ने संपणारी किंवा पुढची आवृत्ती टाकली की वाट मोकळी.

काही अडथळे मात्र मायक्रोसॉफ्टने मुद्दाम लावलेले असतात. त्याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. अमुक सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर नवी आवृत्ती टाकली तर निळा पडदा येईल किंवा आवाज जाईल हे लक्षात आलं की ते अपडेट देणंच थांबवतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीच्या वेळी डिरॅक ऑडिओ असलेल्या मशीनसाठी असा होल्ड होता, कारण अपग्रेडनंतर आवाज बंद पडत होता. अशा वेळी सेटअपला 'इशारे दुर्लक्षित कर' सांगून किंवा रजिस्ट्रीत फेरफार करून पुढे ढकलणारे व्हिडिओ भरपूर आहेत. कमाईचं मशीन असेल तर तो प्रयोग करू नये. होल्ड उठेपर्यंत थांबावं.

दुसरा रस्ता: फॉरमॅट

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मशीन नेलं की पहिला सल्ला हाच मिळतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने तो रास्तही आहे. शोधाशोध नाही, तासाभरात नवं कोरं विंडोज तयार. खरा वेळ जातो तो तुमचा, मशीन घरी आल्यावर.

विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने ते सहसा आपोआप लागू होतं. बाकी सगळं तुमच्या अंगावर. टॅलीचा डेटा फोल्डर वेगळा घ्यायचा आणि लायसन्स आधी सरेंडर करायचं. जुने मराठी फाँट कॉपी करायचे, नाहीतर जुन्या फाइलींत अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर हवी. डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, किल्ली यूएसबी टोकनच्या आत असते, त्यामुळे फॉरमॅटने ती जात नाही. फक्त टोकनचा नवा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलसाठी एमसाइनर हे सहीचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. ड्रायव्हर टाकल्यावर टोकनच्या मेनूत 'इनिशियलाइझ' दिसेल, ते चुकूनही दाबायचं नाही. त्याने सर्टिफिकेटच पुसलं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं: जे सॉफ्टवेअर अडवत होतं तेच तुम्हाला हवं असेल, तर फॉरमॅटने काही सुटत नाही. पुसलेल्या मशीनवर तोच जुना ड्रायव्हर टाकायला जाल आणि विंडोज ११ तो घेणार नाही. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय नव्याने टाकलेल्या विंडोज ११ वर बहुधा आपणहून चालू असते आणि जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून काम भागवणारे आहेत, पण मग नव्या विंडोजच्या सुरक्षेतला मोठा भाग तुम्हीच काढून टाकता.

फॉरमॅट खरोखर लागतो तो एका बाबतीत. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट बघा. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर पहिला रस्ता तुमच्यासाठी बंद आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं आणि ३२-बिटवरून थेट अपग्रेड होत नाही. जुन्या डीटीपीच्या (छपाईची पानं लावण्याच्या) मशीनवर हे अजूनही सापडतं, कारण फार जुने प्रोग्रॅम ३२-बिटवरच चालतात. तिथे ६४-बिटचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी त्या सॉफ्टवेअरच्या डीलरला विचारा, मगच मशीन पुसा.

तिसरा रस्ता: विंडोज १० वर थांबणं

अडवणारी वस्तू तुमची रोजीरोटी असेल, आणि तिची नवी आवृत्ती आज उपलब्ध नसेल किंवा परवडणारी नसेल, तर मी हाच सांगेन. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत घरगुती वापरकर्त्यांसाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटवर चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट किंवा ३० डॉलर. एका अकाउंटवर दहा मशीन चालतात. डोमेनला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कला, जोडलेल्या ऑफिसच्या मशीनना ही योजना नाही. त्यांच्यासाठी वेगळी आहे, पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

यात फक्त सुरक्षेचे पॅच मिळतात. नवी सोय नाही, तक्रार केली तर मदत नाही. मिळालेला काळ जुन्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडण्यासाठी वापरला तरच या रस्त्याला अर्थ आहे. जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणणं हे त्यातलं मोठं काम. कन्व्हर्टर आहेत, पण रफार, ऱ्य, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात. पत्रिकेत वधूच्या आजोबांच्या नावातला रफार सरकला तर ग्राहक कन्व्हर्टरला दोष देत नाही.

कोणी काय करावं

वकील, डॉक्टर, सोसायटीचं ऑफिस, घरचा पीसी: जवळजवळ नेहमी पहिला रस्ता. अडवणारं सहसा जुन्या प्रिंटरचं, संपलेल्या अँटिव्हायरसचं किंवा कधीकाळच्या व्हीपीएनचं काहीतरी असतं. सीए आणि टॅक्सचं काम करणाऱ्यांनीही पहिलाच घ्यावा, फक्त तारखा बघून. जीएसटीचं मासिक रिटर्न जीएसटीआर-३बी २० तारखेला गेलं की मग अपग्रेड करा, आणि पुढच्या जीएसटीआर-१ च्या ११ तारखेची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी प्रत्येक टोकन लावून सही होते का ते बघा. २१ ला अपग्रेड केलं तर परत जाण्याची दहा दिवसांची मुदत ११ तारखेच्या आधीच संपलेली असेल. ही मुदत विंडोजच्या डिझम कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपायच्या आत.

डोंगलवर धंदा चालणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी माझं मत तिसऱ्या रस्त्याकडे झुकतं, एका जोडीसह. दुकानात दोन मशीन असतील तर एकावर विंडोज ११ आणि युनिकोड, रोजचं काम, मेल, व्हॉट्सॲप तिथेच. दुसऱ्यावर विंडोज १०, डोंगल आणि जुन्या फाइली. त्याची इंटरनेटची वायर काढून टाका, वाय-फायही बंद, आणि त्यातून बाहेर येणारा पेन ड्राइव्ह प्रत्येक वेळी पहिल्या मशीनवर स्कॅन करूनच उघडा.